पाळलेला टॅरँट्युला नर आहे की मादी? उत्तर त्याने टाकलेल्या कातीत सापडतं!

मंडळी, टॅरँट्युला जातीचे केसाळ कोळी पाळणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून एक प्रश्न छळतो. घरी आणलेलं हे नखाएवढं पिल्लू 'तो' आहे की 'ती'?

हा प्रश्न फक्त नाव ठेवण्यापुरता नाही. मेक्सिकोतला लाल गुडघ्यांचा प्रसिद्ध टॅरँट्युलाच घ्या. त्याची मादी २० वर्षांहून जास्त जगू शकते. नर मात्र काही वर्षांत वयात येतो आणि त्यानंतर साधारण वर्ष-दोन वर्षांत मरतो. म्हणजे हा पाहुणा किती वर्षांचा सोबती आहे, हे त्याच्या लिंगावर ठरतं.

नुसतं बघून का कळत नाही?

बहुतेक जातींत लहानपणी नर-मादी अगदी सारखे दिसतात. वयात आलेल्या नराच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं फुगीर होतात आणि अनेक जातींत पुढच्या पायांवर आकड्याही येतात. पण तोवर त्याचं बरंचसं आयुष्य संपलेलं असतं.

मग कसं ओळखायचं?

टॅरँट्युला वाढताना सापासारखी कात टाकतो. ही कातच खरा पुरावा! मादीच्या पोटात नराचे शुक्राणू साठवायची एक पिशवी असते. तिचं अस्तर बाहेरच्या कवचाचाच भाग असल्यामुळे ते कातीबरोबर निघून येतं. गंमत म्हणजे आत साठवलेले शुक्राणूही त्याबरोबर जातात आणि मादीला पुन्हा नव्याने जोडीदार लागतो.

तपासणी अशी करा:

१. कात टाकून झाल्यावर कोळ्याला सावरू द्या. तो तिच्यापासून दूर गेला की लांब चिमट्याने कात उचला.

२. कात वाळून कडक झाली असेल, तर भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात ती भिजवा.

३. पोटाचा चुरगळलेला भाग आतली बाजू वर येईल असा हलक्या हाताने पसरा.

४. चार पांढरट चट्टे दिसतील. ती कोळ्याच्या श्वसनेंद्रियांची जागा. डोक्याकडच्या दोन चट्ट्यांच्या मधोमध भिंगाने बघा.

तिथे सुटी, उचलता येणारी घडी किंवा छोट्या पिशव्या दिसल्या, तर ती मादी. काहीच नसेल, तर बहुधा नर. 'बहुधा' अशासाठी की पिशवीचा आकार जातीप्रमाणे बदलतो आणि नराच्या कातीतले बारीक अवयवही नवख्याला चकवतात. पायांसकट कोळी दोन-अडीच इंचांचा झाला की भिंगाने बरंच स्पष्ट दिसतं. त्याआधी सूक्ष्मदर्शक लागतो.

कात फाटली तर?

कोळी काचेवर चढला की बाहेरून त्याच्या पोटाचा फोटो काढा. वरच्या दोन चट्ट्यांच्या मधे, आडव्या खाचेच्या लगेच वर, गडद अर्धगोल ठिपका असेल तर तो नर असू शकतो. हा मात्र फक्त अंदाज!

हे अजिबात करू नका

पोट बघायला कोळ्याला हातात धरून उलटा करू नका. थोड्या उंचीवरून पडला तरी त्याचं पोट फुटून जीव जाऊ शकतो. तो स्वतःहून पाठीवर पडलेला दिसला, तर मेला समजून हलवू नका. बहुतेक वेळा तो कात टाकत असतो आणि तेव्हा त्याचं अंग अगदी मऊ असतं.

आणखी एक, लाल गुडघ्यांचा टॅरँट्युला वन्यजीव व्यापारावरच्या 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. भारतात अशा यादीतला परदेशी प्राणी बाळगायचा तर २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

तर मंडळी, पुढच्या वेळी कात दिसली की कचऱ्यात टाकण्याआधी भिंग शोधा! आणि टॅरँट्युला पाळणारा कुणी मित्र असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा.