काढा, फांट आणि हिम

‘चहा’ हे नाव ज्या झाडाचे, ते झाड सोलापूरच्या मातीत उगवत नाही. त्याला मुबलक पाऊस आणि पाण्याचा निचरा होणारे डोंगरउतार लागतात. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही लहरी. असे असूनही या शहराची सकाळ चहावाचून उजाडत नाही. ही सवय वाटते तितकी प्राचीन नव्हे. १९०३ साली चहावर उपकर बसविणारा कायदा झाला, त्या उत्पन्नातून चहाच्या प्रचाराला बळ मिळाले, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखाने, खाणी व कापडगिरण्या यांच्या आवारांत चहाची दुकाने मांडण्यात आली. त्यानंतर हे पेय मजुराच्या पेल्यापासून बंगल्यातल्या कपबशीपर्यंत सर्वत्र पोचले.

चहा घरात आला, तो आपले नाव इतरांना वाटीतच आला. मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या एका सुवासिक गवताला मराठीत ‘गवती चहा’ म्हणू लागले. पुढे तुळशीचा चहा, आल्याचा चहा, जास्वंदीचा चहा अशी नावे रूढ झाली. आता तर त्यांच्या सुबक पुड्या दुकानोदुकानी मिळतात. यांपैकी बहुतेकांत चहाचे पान औषधालाही नसते. नाव बदलल्याने फारसे बिघडले नसते. पण नावाबरोबर रीतही बदलली. चहा जसा पातेल्यात खळखळून उकळतात, तसेच सगळे काही उकळायचे, असा परिपाठ पडला. जुन्या वैद्यकाने ज्या पेयांना तीन निरनिराळी नावे दिली होती, ती सर्व एकाच आधणात गेली. त्या तीन नावांत मोठे व्यवहारज्ञान साठविलेले आहे, आणि ते आजही उपयोगी पडण्याजोगे आहे.

चरकसंहितेत औषधी वनस्पती सिद्ध करण्याच्या पाच मूळ रीती सांगितल्या आहेत. ताज्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस तो स्वरस. वाटून केलेला गोळा तो कल्क. पाण्यात उकळून आटविलेला तो काढा. थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला तो शीत अथवा हिम. आणि कढत पाणी ओतून, थोडा वेळ मुरवून गाळलेला तो फांट. पुढे शार्ङ्गधरसंहितेने यांची प्रमाणे बांधून दिली. काढ्यासाठी एक पल, म्हणजे सुमारे चार तोळे, कुटलेले द्रव्य सोळापट पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावे. फांटासाठी तितक्याच द्रव्यावर चौपट कढत पाणी ओतावे. हिमासाठी सहापट थंड पाणी घेऊन रात्रभर ठेवावे. घरगुती वापरात कोणी एवढी वनस्पती घेत नाही, आणि घेऊही नये; पण रीतीमधला भेद मात्र जसाच्या तसा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आजच्या भाषेत ज्याला ‘हर्बल टी’ म्हणतात, तो खरे पाहता फांट होय.

हा भेद निव्वळ पंडिती नाही. वनस्पतीचा गुण ज्या द्रव्यात असतो, ते द्रव्य कोठे आहे आणि उष्णतेने त्याचे काय होते, यावर तो आधारलेला आहे. तुळशीच्या किंवा गवती चहाच्या पानांचा सुगंध म्हणजे त्यांतील उडून जाणारे तेल. पाने दहा मिनिटे उघड्या पातेल्यात उकळली की सारे घर घमघमते, आणि गृहिणीला वाटते, काढा छान झाला. वस्तुतः पेल्यात यावयाचे ते हवेत गेलेले असते. उलटपक्षी, सुंठ, ज्येष्ठमध किंवा एखादी साल यांचा गर टणक असतो. त्यावर नुसते कढत पाणी ओतले तर फारच थोडा अर्क उतरतो. त्यांना मंद आंचेवर वेळ द्यावाच लागतो. पाने आणि फुले मुरवावीत, मुळे आणि साली उकळाव्यात, एवढे सूत्र ज्या घरात पाळले जाते तेथे अर्धे काम झाले.

तुळशीचे महत्त्व सोलापूर जिल्ह्याला निराळे सांगावयास नको. पंढरपूर याच जिल्ह्यात आहे. आषाढीच्या वारीत डोईवर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या स्त्रिया आणि वारकऱ्यांच्या गळ्यातील तुळशीच्या मण्यांची माळ हे दृश्य आबालवृद्धांच्या परिचयाचे आहे. घरात सर्दी-पडसे आले, अंग कसकसू लागले, की वृंदावनातली चार पाने खुडावयाची, हीही जुनी वहिवाट. ही पाने, गवती चहाच्या एक-दोन पाती आणि ठेचलेले आले एकत्र करावयाचे असेल, तर आधी आले पाण्यात पाच-सात मिनिटे उकळावे, भांडे खाली उतरवून मग पाने घालावीत आणि लगेच झाकण ठेवावे. झाकणाच्या आतील बाजूस जमणाऱ्या थेंबांतही तो सुगंध असतो. ते थेंब पुन्हा पेयात पडू द्यावेत. गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रल नावाच्या द्रव्यामुळे, आणि तेही असेच उडून जाणारे आहे. अशा पेयाने घाम येतो, घसा शेकला जातो, पोटात पाणी जाते. साध्या पडशात एवढे पुरते. त्याहून अधिक चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

सोलापूरची दुसरी ओळख गिरण्यांची. येथील पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. पुढे तिच्याच मागोमाग आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी बहुतेकांचे भोंगे आता शांत झाले असले, तरी चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग चालूच आहेत. जेथे कापूस आणि सूत तेथे बारीक तंतूंची धूळ, आणि जेथे ती धूळ तेथे खोकला. खोकल्यासाठी घरोघर ठाऊक असलेले झाड म्हणजे अडुळसा. कन्नडमध्ये त्याला आडुसोगे म्हणतात, तेलुगूत अड्डसरमु. सोलापुरात या तिन्ही भाषा बोलल्या जात असल्याने एकाच कुंपणाला तीन नावे असणे येथे नवल नाही. त्याचे पान इतके कडू की शेळीही तोंड लावीत नाही, म्हणूनच ते कुंपणाला लावतात. त्या पानांतील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध तयार झाले. यावरून परंपरेचा अनुभव पोकळ नव्हता हे दिसते.

परंतु येथेच सावध राहिले पाहिजे. जुन्या ग्रंथांत अडुळसा क्षयावरही सांगितला आहे. ज्या काळी क्षयावर दुसरा उपायच नव्हता, त्या काळी तो देणे हा वैद्याचा नाइलाज होता. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि ती परिस्थिती पालटली. आज पूर्ण मुदतीची औषधे घेतल्यास बहुतेक रुग्णांचा क्षय बरा होतो, आणि सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. अडुळशाने खोकला थोडा सैल पडतो, रुग्णाला बरे वाटते, आणि आत रोग वाढत जातो. घरातील इतरांनाही त्याचा संसर्ग होतो. यास्तव दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी काढ्याचे पातेले नव्हे, तर थुंकीची तपासणी हाच पहिला उपाय. गरोदर स्त्रीने तर अडुळसा घेऊच नये. व्हॅसिसीनचा गर्भाशयावर परिणाम होतो.

शहराबाहेर माळरानावर निघाले की पिवळ्या फुलांचे एक झुडूप जागोजाग दिसते. ते तरवड. तेलुगूत त्याला तंगेडु म्हणतात, कन्नडमध्ये आवरिके. दसऱ्याच्या आगेमागे सोलापुरातील तेलुगू घरांत बतुकम्मा मांडतात, तिच्या फुलांच्या उतरंडीत तंगेडूच्या फुलांना मानाचे स्थान असते. २०१४ साली स्थापन झालेल्या तेलंगण राज्याने तर हे आपले राज्यपुष्प ठरविले. त्याच्या सालीने दख्खनमध्ये पूर्वी कातडी कमावीत, आणि वाळलेल्या फुलांचा फांट मधुमेहावर देण्याची चाल दक्षिणेत आजही आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत या फुलांचा रक्तातील साखरेवर परिणाम दिसला आहे. पण माणसाच्या मधुमेहावर केवळ त्याच्या भरवशावर राहावे, एवढा पुरावा नाही. फुलांचा फांट घेणाऱ्याने चालू औषध सोडू नये. दोन्ही एकत्र घ्यावयाचे तर वैद्यकीय सल्ल्याने घ्यावे, नाही तर साखर प्रमाणाबाहेर खाली जाण्याचा संभव असतो.

सोलापूरच्या डाळिंबांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही येथेच आहे. डाळिंबाचे दाणे सर्वांना प्रिय; पण जुनी गृहिणी सालही टाकीत नसे. ती वाळवून ठेवावयाची आणि पोट बिघडले, जुलाब लागले, की तिचा काढा द्यावयाचा. सालीत तुरट द्रव्य भरपूर असते आणि ते उकळल्याने उतरते. म्हणून येथे काढाच योग्य, फांट नव्हे. असा काढा लोखंडी भांड्यात केला तर काळा पडतो; मातीचे किंवा स्टेनलेस स्टीलचे भांडे घ्यावे. लहान मुलाला जुलाब होत असतील तर मात्र प्रथम विचार तुरटपणाचा नव्हे, पाण्याचा करावा. मूल दगावते ते शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्याने. तेथे जलसंजीवनी आधी, डॉक्टरांचा सल्ला लगोलग, आणि साल मागाहून.

आता हिम. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. अशा दिवसांत उकळलेल्या काढ्याचे नावही नकोसे होते. याच दिवसांसाठी थंड पाण्याची रीत आहे. ठेचलेले धने रात्री पाण्यात भिजत घालून सकाळी गाळून, हवी तर खडीसाखर घालून प्यावयाचे. माठात वाळ्याची जुडी सोडावयाची. सब्जा भिजवून सरबतात घालावयाचा. लघवीला जळजळ होते, डोळ्यांची आग होते, अशा वेळी धन्याचे पाणी देण्याचा प्रघात जुना आहे. यात मुख्य लाभ भरपूर पाणी पोटात जाण्याचा, हे ओळखले म्हणजे झाले. हिम एक दिवसाहून जास्त ठेवू नये, कारण न उकळलेले पाणी लवकर नासते. आणि भिजविण्याचे पाणी पिण्याजोगे शुद्ध असावे.

काढ्याविषयीचा उत्साह किती वाढू शकतो, हे २०२० साली करोनाच्या साथीत दिसून आले. त्या वर्षी आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोन वेळा घेण्याचे सुचविले. पुष्कळ घरांनी ‘एक-दोन वेळा’ हे शब्द सोडून दिले, आणि चहाच्या जागी दिवसभर काढा सुरू झाला. चहा आणि औषध यांतील फरक विसरल्याचा हा परिणाम. ज्येष्ठमध गोड लागतो म्हणून तो सढळ हाताने घालतात. पण त्यातील ग्लिसिरायझिनमुळे रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रुग्णाने तो रोज घेणे धोक्याचे. गुळवेलीचेही तसेच. कन्नडमध्ये अमृतबळ्ळी, म्हणजे अमृताची वेल, असे तिचे नाव. परंतु २०२१ साली मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. वाद कोणत्याही बाजूने सुटला, तरी घरापुरता बोध एकच: ओळख पटल्यावाचून वेल तोडू नये, आणि ओळख पटली तरी महिनोन्‌महिने घेऊ नये. ज्याला पूर्वीच यकृताचा विकार आहे, त्याने तर ती टाळावीच.

शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा वनस्पतींवरील ग्रंथ महाराष्ट्रातील असंख्य घरांत संग्रही असे. तशा ग्रंथांतून आणि आजीच्या बटव्यातून आलेले ज्ञान हे मोठे धन आहे, यात शंका नाही. पण त्या बटव्याला मापही होते आणि वेळही होती. अमुक इतकी पाने, अमुक दिवस, आणि गुण न आल्यास वैद्याकडे, असा तिन्हींचा मिळून तो उपचार असे. आज वनस्पती राहिली, माप सुटले. ते माप पुन्हा हाती घेणे अवघड नाही. पान असेल तर झाकून मुरवावे, मूळ असेल तर मंद उकळावे, उन्हाळा असेल तर भिजवावे. एका वेळी एक-दोनच वनस्पती घ्याव्यात. चालू औषधांची माहिती डॉक्टरांना आणि काढ्याची माहितीही डॉक्टरांनाच द्यावी. ताप तीन दिवसांत उतरला नाही, श्वास लागला, थुंकीतून रक्त आले, मूल मलूल पडले, तर पेला खाली ठेवून दवाखाना गाठावा. एवढी मर्यादा सांभाळली, तर वृंदावनातली तुळस आणि मोरीवरचे ते सुवासिक गवत घराला पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडत राहील.