हेमकुंडला निघालात? घांघरियात एक दिवस जास्त थांबा

नरडाण्याहून रेल्वेत बसलेला यात्रेकरू तीन-चार दिवसांत उत्तराखंडात हेमकुंड साहिबच्या वाटेला लागतो. शरीर मात्र अजून तापीकाठच्या हवेलाच सरावलेलं असतं. शिखांचं हे तीर्थस्थान 4,000 मीटरहून उंचावर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. तिथेही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो. पण हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासात तो एक तृतीयांशाहून जास्त घटलेला असतो.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गळून जाणं ही उंची न मानवल्याची लक्षणं. ‘सांगितलं तर दर्शन हुकेल’ म्हणून अनेक जण ती अंगावर काढतात. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला लगेच खाली उतरवा.

सुमारे 3,000 मीटरवरच्या घांघरियात दोन रात्री काढा. मधल्या दिवशी फुलांची घाटी पाहा, नंतर हेमकुंड चढा. वर मुक्काम करता येत नाही. वेळेत परत फिरा.

धुळे-नंदुरबार पट्ट्यात सिकलसेल आढळतो. विरळ हवेत रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो, वाहकाच्याही प्लीहेला धोका असतो. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्या. हृदयरोग, दमा, रक्तक्षय असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच निघावं. अर्ध्या वाटेवरून परतलात, तरी पुढच्या वर्षी पुन्हा जाता येईल.