आधी मुक्काम, मग नकाशा
गंगाखेड : गोदाकाठचे गंगाखेड संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. जनाबाईंचे नाव निघाले की जाते आठवतेच. परभणी जिल्ह्यातील या तालुक्यात आता दळण गिरणीवर जाते आणि जाते उरले आहे ते लग्नातल्या हळदीपुरते. ते कसे फिरवायचे, ओवी कशी धरायची, हे आजीला विचारणारा आज बहुधा घरातला नातू नसतो. पाठीवर सॅक अडकवून आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी असतो.

शहरातील तरुणांनी गटाने खेड्यात जाऊन राहावे, यासाठी दोन मार्ग रूढ आहेत. पहिला राष्ट्रीय सेवा योजनेचा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करावे लागते. दुसरा मार्ग कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांचा. रंधावा समितीने १९९२ मध्ये शिफारस केलेला ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ हा उपक्रम देशभरातील कृषी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात आहे. परभणीत १९७२ मध्ये स्थापन झालेले आणि २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठही त्याला अपवाद नाही. या विद्यार्थ्यांना गावकरी ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ म्हणून ओळखतात.

पाचव्या अधिष्ठाता समितीने आखून दिलेल्या अभ्यासक्रमात या कार्यानुभवाला सातव्या सत्रातील वीस आठवडे मिळाले. त्यांपैकी आठ आठवडे गावाचे. उरलेला काळ कृषी विज्ञान केंद्र किंवा संशोधन केंद्र, पीक चिकित्सालय, कृषी उद्योग आणि अहवाललेखन यांत वाटलेला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेत विद्यार्थ्यांसाठी दरमहा ३,००० रुपये विद्यावेतनाची तरतूदही झाली.

पारावरचा नकाशा

गावात आल्यावर पहिले मोठे काम असते ते ग्रामीण सहभागी मूल्यांकनाचे. पारावर किंवा शाळेच्या पटांगणात रांगोळी आणि रंगीत भुकटी घेऊन जमिनीवर गावाचा नकाशा काढला जातो. घरे, विहिरी, मंदिर, ओढा, रस्ते गावकऱ्यांनी सांगायचे आणि विद्यार्थ्यांनी मांडायचे. शिवारफेरीत जमिनीचा पोत पाहायचा, ऋतुचक्राच्या तक्त्यात कोणत्या महिन्यात काम, कोणत्या महिन्यात उधारी, हे नोंदवायचे. ग्रामपंचायत, सोसायटी, बँक, कृषी सेवा केंद्र यांपैकी गावाच्या लेखी कोण मोठे आणि कोण जवळचे, हे लहानमोठ्या वर्तुळांनी दाखवायचे. या आकृतीला चपातीवरून नाव पडले आहे.

पद्धत साधी आहे. तिची मेख पार कोणाचा, यात आहे. पारावर बसणारी माणसेच नकाशा सांगणार असतील, तर तांडा आणि वस्ती कोपऱ्यात एखाद्या ठिपक्यावर भागते. बायकांना विचारायचे तर दुपारी विचारून उपयोग नाही, त्या खुरपणीला गेलेल्या असतात. संध्याकाळी चुलीपाशी बसले तर पाण्याची खेप, जळण, कोणत्या दुकानात उधार मिळते, हे सारे बाहेर येते. त्यासाठी संध्याकाळी गावात असावे लागते. नियम मुक्कामाचा आहे. पण शहरात खोली घेऊन मोटारसायकलवर ये-जा करणारे गट कमी नाहीत. मुलींच्या निवासाची आणि स्वच्छतागृहाची अडचण खरी असते, ती सबब म्हणून झटकून टाकता येत नाही.

पुढचे आठवडे प्रात्यक्षिकांचे. व्ही आकाराचा खड्डा घेऊन मातीचा नमुना काढणे, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोपर्यंत आणणे. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावणे. पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर फवारणीचा पाच टक्के अर्क तयार करणे. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक मात्र अनेकदा पेरणी उरकल्यावर होते. सत्र सुरू होते विद्यापीठाच्या वेळापत्रकाने आणि सोयाबीन पेरले जाते मृगाच्या पावसाने, त्याला कोण काय करणार?

कोणत्या महिन्यातला गाव?

वेळेचा प्रश्न इथेच संपत नाही. गंगाखेड तालुक्याचा दक्षिण भाग बालाघाटच्या डोंगररांगांत येतो. तेथील तांडे आणि वाड्यांतून ऊसतोडीसाठी मोठे स्थलांतर होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. सेवा योजनेची शिबिरे बहुतेक डिसेंबर-जानेवारीत भरतात. शहरी माणसाला ग्रामजीवन म्हटले की आठवणारा हुरडा नेमका याच दिवसांत शिवारात असतो. पण तेव्हा तांड्यावर म्हातारी माणसे आणि मागे राहिलेली मुले असतात. सात दिवस रस्ता झाडून, पथनाट्य करून परतणाऱ्या विद्यार्थ्याने गाव पाहिला, पण गावातली कष्टकरी माणसे पाहिली नाहीत. पावसाळ्यात येणाऱ्या कृषिदूताला ती घरी भेटतात. एकाच गावाची ही दोन चित्रे आहेत आणि दोन्ही अहवालांत ‘गावाची पाहणी’ एवढेच शीर्षक असते.

जपानमध्ये हा विषय वेगळ्या वाटेने पुढे गेला. ओस पडत चाललेली खेडी आणि वृद्ध शेतकरी ही तेथील चिंता. १९९४ मध्ये ग्रामीण पर्यटनासाठी कायदा झाला. ओइता प्रांतातील अजिमू येथे १९९६ मध्ये शेतकरी कुटुंबांनी पाहुण्यांना स्वतःच्या घरात ठेवण्यास सुरुवात केली. एकदा राहिलेला पाहुणा दूरचा नातलग आणि दहा वेळा राहिलेला सख्खा नातलग, असा हिशेब त्यांनी मांडला आणि त्यासाठी शिक्के मारण्याची कार्डे काढली. घरगुती निवासाला हॉटेलचे नियम लावणे अवघड, हे ओळखून प्रांताने २००२ मध्ये नियम शिथिल केले. २००८ मध्ये तीन मंत्रालयांनी एकत्र येऊन प्राथमिक शाळांतील मुलांनी सुमारे आठवडाभर शेतकऱ्याच्या, कोळ्याच्या घरी राहावे, असा कार्यक्रम हाती घेतला. मुले भात लावतात, स्वयंपाकाला हात लावतात, त्या घराचे होऊन राहतात. यजमान कुटुंबाला त्याचे पैसे मिळतात.

तेथील मुलांना सांगितली जाणारी ‘युई’ ही परंपरा मराठी शेतकऱ्याला नवी वाटणार नाही. शिराकावा-गो या १९९५ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या गावात गवताचे उंच छप्पर शाकारायला शंभर-दोनशे माणसे जमतात. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या. आपल्याकडे यालाच सावड म्हणतात. एकाच्या शेतात सगळ्यांची औते लागून जेवणावर काम उरकते, ते इर्जिक. ट्रॅक्टर आल्यावर इर्जिक मागे पडले, सावड मात्र कापूस वेचणीत, खुरपणीत अजून भेटते. कृषिदूताच्या नोंदवहीत तिला स्वतंत्र रकाना नसतो.

फरक यजमानाचा आहे. आपल्याकडे विद्यावेतन विद्यार्थ्याला, गुण विद्यार्थ्याला आणि आठ आठवडे प्लॉट, वेळ, चहा देणाऱ्या शेतकऱ्याला शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ. अहवालाची प्रत महाविद्यालयाच्या कपाटात जाते, पारावरची रांगोळी पुढच्या सरीत धुऊन निघते. खरे तर ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमाखाली ग्रामपंचायतींना दरवर्षी विकास आराखडा करावा लागतो आणि आराखड्याच्या मोहिमेला २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांपासून वेग येतो. कृषिदूतांचा नकाशा, पाण्याच्या खेपांची नोंद, माती तपासणीचे निकाल तोवर तयार असतात. ते एका मोठ्या कागदावर उतरवून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला तक्त्याचा कागद, एक मार्कर पेन आणि अर्धा दिवस पुरतो.