घोरपड आणि घोडा

येरवड्याहून बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडानगरीस जावयाचे म्हणजे पुणे शहर पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत ओलांडावे लागते. तरीही सामन्याच्या दिवशी दुपारची जेवणे लौकर उरकून, बंडगार्डनचा पूल मागे टाकून, दोन बसगाड्या बदलून तेथवर पोहोचणारी आणि रात्री घसा बसलेल्या अवस्थेत परतणारी काही मंडळी आमच्या वस्तीत होती, व मी त्यांतलाच एक होतो. ज्या क्लबांसाठी आम्ही ही पायपीट केली त्यांपैकी आज एकही हयात नाही, म्हणूनच त्यांची हकिकत कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे असे मला वाटते.

2007 साली अशोक पिरामल उद्योगसमूहाने पुणे एफ.सी. हा क्लब स्थापिला. 2009 साली तो दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये चढला आणि डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली पदार्पणाच्याच मोसमात त्याने तिसरे स्थान मिळविले. पुढे 2012-13 मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल तो उपविजेता ठरला. जेजे लालपेखलुआ आणि अनस एडाथोडिका यांच्यासारखे पुढे राष्ट्रीय संघात चमकलेले खेळाडू येथे खेळून गेले, आणि या क्लबच्या प्रबोधिनीतील मुलांनी कुमारांचे राष्ट्रीय अजिंक्यपद एकाहून अधिक वेळा आणले. क्लबच्या बिल्ल्यावर तांबडा सरडा होता. पण त्याच्याकडे पाहताना सिंहगडाच्या कड्यावर दोर घेऊन चढलेली यशवंती घोरपड ज्यास आठवली नाही, असा पुणेकर विरळा. आम्ही तर त्यास घोरपडच म्हणत असू.

याच बालेवाडीत 2014 साली इंडियन सुपर लीगचा एफ.सी. पुणे सिटी हा दुसरा क्लब उभा राहिला, आणि त्याचे चिन्ह होते घोडा. त्याच सुमारास भारत एफ.सी. आला आणि एका मोसमात गेला. डीएसके शिवाजियन्सला आय-लीगमध्ये दोन मोसम लाभले. 2015 नंतर घोरपडही मैदानात दिसेनाशी झाली आणि पुढल्या वर्षी तिची प्रबोधिनी घोड्याच्या मालकांकडे गेली. फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिना क्लबशी पुणे सिटीचे संधान होते, आणि तेथे पाच वर्षे गाजलेला रुमानियाचा आद्रियान मुटू 2015 च्या शरदात वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बालेवाडीस अवतरला. रुमानियासाठी 35 गोल करून थोर हाजीच्या बरोबरीस पोहोचलेला तो पुरुष आता धावत फारसा नसे. परंतु चेंडू येण्यापूर्वीच मान किंचित वळवून आपल्या माणसांच्या जागा तो टिपून घेई, आणि पायाशी आलेला चेंडू एकाच स्पर्शाने ज्या रिकाम्या जागी जावयास हवा तेथे रवाना करी. ते पाहण्यासाठी दोन बसगाड्या बदलल्याचे मला कधीही वाईट वाटले नाही.

मुटूच्या निमित्ताने मी त्याच्या देशातील क्लबांचे इतिहास वाचू लागलो. बुखारेस्टचा रॅपिड हा रेल्वे कामगारांचा, दिनामो गृहखात्याचा, आणि 1947 साली स्थापन झालेला स्तेआउआ हा लष्कराचा. या स्तेआउआने 7 मे 1986 रोजी सेव्हिल येथे बार्सेलोनास नमवून युरोपचे अजिंक्यपद जिंकले, तेव्हा दुकादाम या गोलरक्षकाने निर्णायक पेनल्टींमध्ये बार्सेलोनाचे चारही फटके अडविले होते. पुढे राजवट पालटली, क्लब गिगी बेकाली नामक धनिकाच्या ताब्यात गेला, आणि लष्कराने नावासाठी न्यायालयात दावा लावला. निकाल लष्कराच्या बाजूने लागल्यावर बेकालीच्या क्लबास 2017 मध्ये नाव बदलून एफसीएसबी म्हणवून घ्यावे लागले, तर लष्कराने आपला नवा संघ चौथ्या श्रेणीतून खेळावयास उतरविला. 1986 चा तो करंडक कोणाचा, यावर तेथे अद्यापही घराघरांत वाद होतात. एका इतिहासास तेथे दोन वारस आहेत. आमचा इतिहास बेवारस पडला आहे, याची खंत मला त्या वाचनाने प्रथम जाणवली.

2017-18 चा मोसम मात्र आमच्या हक्काचा होता. रान्को पोपोविच यांच्या देखरेखीखाली मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांनी गोलांची बरसात केली, आणि क्लब प्रथमच उपान्त्य फेरीत गेला. मार्च 2018 मध्ये बालेवाडीत बंगळूरविरुद्धचा सामना शून्य-शून्य सुटला, आणि चारच दिवसांनी बंगळुरात सुनील छेत्रीने तीन गोल करून आमचा निकाल लावला. जोनातान लुकाने फ्री किकवर मारलेला एकुलता एक गोल तेवढा आमच्या पदरी पडला.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच आर्थिक अडचणींनी क्लबचे दप्तर गुंडाळले गेले, आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगमधील आमची जागा हैदराबाद एफ.सी.कडे गेली. कोल्हापुरात असे घडत नाही. पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचे फुटबॉल संघ कोणा एका धन्याचे नव्हेत, ते पेठेचे आहेत. खेळाडू बदलतात, कारभारी बदलतात, पण शाहू स्टेडियमवर येणारा मुलगा ज्या संघासाठी ओरडतो त्याच संघासाठी त्याचा आजोबाही ओरडलेला असतो. पुण्याने क्लबांना गल्लीतल्या तालमीचा आधार दिला नाही, मालकाच्या कचेरीवर ते सोपवून दिले, ही आमची चूक. आणि तीत मी स्वतःलाही धरतो, कारण तिकीट काढण्यापलीकडे मीही काही केले नाही.

20 मार्च 2022 रोजी गोव्यातील फातोर्डा येथे हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून सुपर लीग जिंकली. लक्ष्मीकांत कट्टिमणी या गोमंतकीय गोलरक्षकाने तीन फटके अडविले, तेव्हा मला सेव्हिलचा दुकादाम आठवला. येरवड्यातल्या घरी दूरचित्रवाणी बंद करून मी कपाटातून घोरपडीचा जुना तांबडा सदरा बाहेर काढला. बिल्ल्याच्या शेपटीपाशी दोन टाके उसवले होते. सुईत दोरा ओवून ते मी त्याच रात्री घातले.