चिकटलेली पट्टी ओढू नका

वस्तीत ड्रेसिंगला गेलो की बऱ्याच घरांत आम्हाला एकच प्रकार दिसतो. पट्टी जखमेवर वाळून चिकटलेली असते आणि घरातले कोणीतरी ती खसकन ओढून काढते. रक्त येते. मग तक्रार असते, “सिस्टर, महिना झाला, जखम भरतच नाही.” ती भरत होती. आपणच ती रोज उखडत होतो.

हे कसे घडते? आपल्या पेशी सुट्या राहत नाहीत. त्यांच्याभोवती प्रथिनांच्या धाग्यांची जाळी असते, त्यात कोलॅजेन मुख्य. पेशीच्या अंगावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने हे धागे हातासारखे धरून ठेवतात. पकड सुटली की बहुतेक पेशी मरतात. जखम झाल्यावर कडेच्या पेशी पुढचा धागा धरत, मागचा सोडत आत सरकतात आणि जखम झाकतात. वाळलेल्या पट्टीबरोबर याच नव्या पेशी निघून येतात.

“जखमेला हवा लागू द्या” हा सल्लाही जुना झाला. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगातून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर येते.

म्हणून हात साबणाने धुवा. पट्टी चिकटली असेल तर सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने भिजवा, थोडे थांबा, मग हलकेच सोडवा. राख, हळद, टूथपेस्ट जखमेत भरू नका.

कोलॅजेन तयार व्हायला ‘क’ जीवनसत्त्व लागते. पूर्वी लांबच्या सफरीवर ताजी फळे न मिळालेल्या खलाशांच्या भरलेल्या जखमाही पुन्हा उघडत. आपल्याकडे पेरू, आवळा, लिंबू मिळतात. लिंबू ताटात पिळा, शिजवू नका. सोबत डाळ, अंडी, सुकट असू द्या. घरातल्या बाईच्या ताटातही हे पडले पाहिजे. तंबाखू, विडी बंद करा, त्याने जखमेचा रक्तपुरवठा घटतो.

दोन आठवड्यांत जखम आटोपत नसेल तर साखर तपासा. मधुमेहात पायाची जखम दुखत नाही, म्हणून अंगावर काढली जाते. पायाला जखम, पू, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण पाय वाचेल.