मुलामाच जेव्हा तडा पाडतो!

मुलांनो, आधी एक छोटासा प्रयोग करा. वर्तमानपत्राच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एक कोरडी ठेवा. दुसरीच्या मध्यावर पाण्याचे दोन-चार थेंब टाका. ओली पट्टी नुसती ठेवून दिलीत तर तिला काही होत नाही. आता दोन्ही पट्ट्या सारख्याच जोराने, हळूहळू ओढा. कोरडी टिकते, ओली मात्र ओल्या जागीच फाटते. मग प्लॅस्टिकच्या पिशवीची पट्टी ओली करून तेवढ्याच जोराने ओढा. ती फाटत नाही!

म्हणजे फाटायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागल्या : द्रव, ओढ आणि त्या द्रवापुढे हार खाणारा पदार्थ. कागदाचं जे झालं, तसंच काहीसं मजबूत पोलादाचंही होतं बरं का! फक्त तिथला द्रव पाणी नसून वितळलेलं जस्त असतं.

बादलीवरची नक्षी

लोखंड गंजू नये म्हणून त्याला जस्ताचा मुलामा देतात. छपराचे पत्रे, बादल्या अशाच बनतात. नव्या बादलीवर चकचकीत, पानाफुलांसारखी नक्षी दिसते ना? ती कुणी काढलेली नसते. ते जस्ताचे कण असतात. पोलादही असंच कणाकणांचं बनलेलं असतं. पण ते कण इतके बारीक, की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. दोन कण जिथे एकमेकांना भिडतात, त्या शिवणीला 'कणसीमा' म्हणतात. ही शिवण लक्षात ठेवा. पुढे तिचंच काम आहे.

हल्लीच्या मोटारींच्या सांगाड्यात साध्या पत्र्याच्या तिप्पट ताकदीचं पोलादही वापरतात. त्यामुळे पत्रा पातळ ठेवता येतो, गाडी हलकी होते, पेट्रोल कमी लागतं आणि टक्कर झाली तर आतली माणसं वाचतात. हा पातळ पत्रा गंजून कसा चालेल? म्हणून त्यावर जस्ताचा थर असतो, आपल्या केसापेक्षाही पातळ!

एका सेकंदाच्या आत

पत्रे जोडतात ते 'स्पॉट वेल्डिंग'ने. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, वरून-खालून तांब्याच्या दोन दांड्यांनी दाबायचे आणि क्षणभर वीज सोडायची. किती? आठ-दहा हजार अँपिअर! घरातल्या ६० वॅटच्या जुन्या दिव्यातून जेमतेम पाव अँपिअर वीज जाते. एवढ्या विजेने पत्रे मधोमध वितळून एकजीव होतात. एका मोटारीत असे काही हजार टाके असतात.

आता गणित पाहा. पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमान लागतं, जस्ताला मात्र ४२० अंशच पुरतात. म्हणजे टाक्याच्या आसपासचं पोलाद अजून घनच असतं, तेव्हा त्यावरच्या जस्ताचं पाणी झालेलं असतं. त्याच वेळी तापणं, निवणं आणि दाब यांमुळे पोलाद ओढलं जातं. झाल्या की तिन्ही गोष्टी गोळा! वितळलेलं जस्त कणांच्या शिवणीत शिरतं, तिथली पकड सैल करतं आणि क्षणार्धात तडा जातो. याला 'लिक्विड मेटल एम्ब्रिटलमेंट' म्हणतात, म्हणजे द्रव धातूमुळे येणारा ठिसूळपणा. गंजापासून वाचवणारं जस्तच इथे घात करतं.

द्रव धातू नेहमी जस्तच असतो असं नाही. १ जानेवारी २००४ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात मूंबा इथल्या वायुप्रकल्पात स्फोट झाला. नैसर्गिक वायूबरोबर आलेल्या पाऱ्याने तिथल्या ॲल्युमिनियमच्या यंत्रभागाला असंच ठिसूळ केलं होतं. विमानाचा सांगाडा बराचसा ॲल्युमिनियमचा असतो, म्हणून प्रवाशांना सामानात पाऱ्याचा वायुदाबमापक नेता येत नाही.

उपाय काय?

मग जस्त लावायचंच नाही का? छे! तसं केलं तर पत्रा गंजेल. तीनपैकी एखादी गोष्ट काढून घ्यायची, की झालं. वीज बेताची सोडली तर उष्णता आटोक्यात राहते. पत्र्यांमध्ये फट नसली आणि दांड्या सरळ रेषेत असल्या तर ओढ कमी होते. एक उपाय तर फारच सोपा आहे. वीज बंद झाली तरी दांड्या लगेच उचलायच्या नाहीत. सेकंदाचा थोडासा भाग तशाच दाबून धरायच्या. तांबं उष्णता ओढून घेतं, जस्त गोठतं, मगच दाब काढायचा. ओली पट्टी वाळवून मग ओढावी, तसंच हे!

प्रत्येक तडा धोक्याचा नसतो. तो टाक्यात कुठे आहे, किती खोल आहे, यावर सगळं अवलंबून. पण तो बाहेरून सहज दिसत नाही. म्हणून नमुन्याचे टाके मधोमध कापून, घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गाडीत बसणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. पण टक्कर झाली, तर त्याचा जीव या टाक्यांवरच अवलंबून असतो.

आणि हो, वेल्डिंग चालू असेल तिथे उघड्या डोळ्यांनी ठिणगीकडे मुळीच बघायचं नाही. आपला प्रयोग कागदाच्या पट्ट्यांवरच बरा!