गेमिंग संगणकासाठी साठवणूक साधने व हार्डवेअर यांची निवड : एक विवेचन

सारांश

संगणकीय खेळांसाठी संगणक विकत घेताना ग्राहकाचे लक्ष बहुधा जाहिरातीतील मोठ्या आकड्यांकडे वेधले जाते. प्रस्तुत लेखात साठवणूक साधनांची कार्यपद्धती, त्यांचा खेळाच्या गतीवर प्रत्यक्ष होणारा परिणाम आणि ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, रॅम व वीजपुरवठा या घटकांशी असलेला त्यांचा संबंध यांचे विवेचन केले आहे. घटकांचा परस्पर समतोल साधणे आणि पुन्हा न मिळणाऱ्या माहितीची स्वतंत्र व्यवस्था करणे हे निवडीचे दोन प्रमुख निकष होत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : साठवणूक, हार्ड डिस्क, एस.एस.डी., ग्राफिक्स कार्ड, वीजपुरवठा, माहितीची सुरक्षितता

१. प्रस्तावना

महाविद्यालयात प्रवेश घेतलेला विद्यार्थी घरी संगणक घेण्याचा विचार करू लागला की सल्ल्यासाठी प्रथम आपल्या शिक्षकांकडे येतो. त्याला खेळ खेळायचे असतात, हे तो सांगतो किंवा सांगत नाही. परंतु त्याच संगणकावर पुढे प्रकल्प, चित्रफितींचे संपादन, आज्ञावलीलेखन आणि क्वचित खेळांची निर्मितीही होणार असते. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबात अशी खरेदी पाच-सहा वर्षांतून एकदाच होते. त्यामुळे चुकीच्या घटकावर झालेला खर्च सहजासहजी भरून निघत नाही.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेत सुटे भाग जोडून संगणक तयार करून घेण्याची सोय दीर्घकाळापासून आहे. मात्र सुटे भाग निवडण्याचे स्वातंत्र्य मिळते, तेव्हा निवडीची जबाबदारीही ग्राहकावरच येते. ही जबाबदारी पार पाडण्यासाठी प्रत्येक भाग नेमके कोणते कार्य करतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

२. हार्ड डिस्क : क्षमता आणि मर्यादा

आय.बी.एम. कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणकासोबत पहिली व्यापारी हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या असलेल्या त्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये अनेक टेराबाइट माहिती मावते. तथापि मूळ तत्त्व तेच राहिले आहे. फिरणाऱ्या चुंबकीय चकतीवर वाचनशीर्ष योग्य जागी न्यावे लागते आणि हवा असलेला भाग त्याखाली येईपर्यंत थांबावे लागते.

हा विलंब साध्या गणिताने काढता येतो. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी चकती सेकंदाला १२० फेरे घेते; म्हणजे एका फेऱ्यास ८.३३ मिलिसेकंद लागतात आणि सरासरी प्रतीक्षा अर्ध्या फेऱ्याची, अर्थात ४.१७ मिलिसेकंदांची असते. शीर्ष हलविण्यास सुमारे ९ मिलिसेकंद धरल्यास एका विखुरलेल्या वाचनास सुमारे १३ मिलिसेकंद लागतात. म्हणजेच सेकंदाला सत्तर-ऐंशीपेक्षा अधिक विखुरलेली वाचने अशी डिस्क करू शकत नाही. हजारो लहान फाइली वाचणाऱ्या आधुनिक खेळाला ही मर्यादा जाणवते.

३. एस.एस.डी. : प्रकार आणि जोडणी

सॉलिड स्टेट ड्राइव्ह म्हणजेच एस.एस.डी.मध्ये फिरणारा भाग नसतो. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून पुढे आलेली नॅंड फ्लॅश स्मृती १९८७ मध्ये जगासमोर आली, आजच्या एस.एस.डी. तिच्यावरच आधारित आहेत. येथे विखुरलेले वाचन मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होते. हार्ड डिस्कवरून एस.एस.डी.वर आलेल्या वापरकर्त्यास संगणक एकदम चपळ झाल्यासारखा वाटतो, त्याचे कारण हेच होय.

एस.एस.डी.च्या जोडणीचे दोन प्रमुख मार्ग आहेत. साटाच्या तिसऱ्या आवृत्तीची मर्यादा सेकंदाला ६०० मेगाबाइट असून प्रत्यक्षात सुमारे ५५० मेगाबाइट वेग मिळतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एन.व्ही.एम.ई. या मानकात ड्राइव्ह पी.सी.आय. एक्सप्रेस मार्गाने जोडली जाते. चार मार्गिका वापरल्यास तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ३.९, चौथ्या पिढीत ७.९ आणि पाचव्या पिढीत १५.७ गिगाबाइट ही सैद्धांतिक मर्यादा असते.

येथे ग्राहकाची एक फसगत हमखास होते. एम.२ हे ड्राइव्हच्या केवळ आकाराचे व खाचेचे नाव आहे, वेगाचे नव्हे. २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब अशी एम.२ ड्राइव्ह साटा पद्धतीचीही असू शकते. तसेच तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर चौथ्या पिढीची ड्राइव्ह बसविल्यास ती चालते, परंतु तिसऱ्या पिढीच्याच वेगाने. काही मदरबोर्डांवर एम.२ खाच वापरात आली की एखाददुसरी साटा जोडणी बंद पडते. म्हणून मदरबोर्डची माहितीपुस्तिका खरेदीपूर्वी वाचणे हिताचे असते.

४. पेशींचे प्रकार आणि टिकाऊपणा

फ्लॅश स्मृतीच्या एका पेशीत तीन बिट साठविल्यास तिला टी.एल.सी. आणि चार बिट साठविल्यास क्यू.एल.सी. म्हणतात. क्यू.एल.सी. स्वस्त पडते, परंतु मोठी फाइल सलग लिहिताना तिचा जलद राखीव भाग भरला की लेखनाचा वेग लक्षणीय प्रमाणात घसरतो. खेळ एकदा लिहिला जातो आणि अनेकदा वाचला जातो, म्हणून केवळ खेळांच्या साठवणुकीसाठी क्यू.एल.सी. चालू शकते. कार्यप्रणाली व संपादनकार्य यांसाठी मात्र टी.एल.सी. अधिक योग्य ठरते.

एस.एस.डी. लवकर झिजते, ही भीती बहुतांशी अनाठायी आहे. १ टेराबाइटच्या टी.एल.सी. ड्राइव्हसाठी ६०० टेराबाइट लेखनाची हमी पाच वर्षांकरिता दिली असल्यास रोज सुमारे ३२८ गिगाबाइट लिहिले तरच ती मर्यादा गाठली जाते. घरगुती वापरात एवढे लेखन क्वचितच होते.

५. खेळाच्या गतीवर साठवणुकीचा परिणाम

साठवणूक जलद झाली म्हणजे खेळातील दृश्ये अधिक गतीने दिसतील, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंदांत तयार व्हावे लागते. हे काम ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांचे असते. साठवणुकीचा संबंध खेळ सुरू होण्यास लागणारा वेळ, एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जातानाची प्रतीक्षा आणि नवे दृश्य वेळेवर न आल्याने बसणारे झटके यांच्याशी येतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स या खेळयंत्रांत एस.एस.डी. अंगभूत होती. तेव्हापासून खेळनिर्माते जलद साठवणूक गृहीत धरू लागले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बाल्डर्स गेट ३ व स्टारफील्ड या खेळांनी संगणकासाठी एस.एस.डी. आवश्यक म्हणून नमूद केली. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये डायरेक्टस्टोरेज ही सुविधा संगणकासाठी खुली केली. परंतु तिचा पूर्ण उपयोग करणारे खेळ मोजकेच आहेत. अनेक खेळांत फाइली उलगडण्याचे काम प्रोसेसरला करावे लागत असल्याने साटा व एन.व्ही.एम.ई. यांतील फरक आकड्यांत दिसतो तेवढा अनुभवास येत नाही. त्यामुळे पाचव्या पिढीच्या महागड्या ड्राइव्हवरील खर्च खेळाडूस क्वचितच फळतो.

क्षमतेचा विचार मात्र गांभीर्याने करावा लागतो. बाल्डर्स गेट ३ साठी १५० गिगाबाइट, स्टारफील्डसाठी १२५ गिगाबाइट आणि रेड डेड रिडेम्पशन २ साठी १५० गिगाबाइट जागा लागते, असे त्यांच्या निर्मात्यांनीच नमूद केले आहे. म्हणजे तीन खेळांनाच ४२५ गिगाबाइट हवेत. विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट साठवणूक लागते. उलटपक्षी ५०० गिगाबाइट म्हणून विकलेल्या ड्राइव्हवर संगणक सुमारे ४६५ गिगाबाइटच दाखवितो, कारण उत्पादक दशमान आणि विंडोज द्विमान पद्धतीने मोजते. शिवाय काही जागा मोकळी ठेवावी लागते. या हिशेबाने १ टेराबाइट ही आज वाजवी सुरुवात होय.

६. अन्य घटकांची निवड

निवडीची सुरुवात पडद्यापासून करणे तर्कसंगत ठरते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात. ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर त्यांच्या चौपट. पडदा बदलला की ग्राफिक्स कार्डावरील भारही बदलतो. म्हणून पडदा, त्यास साजेसे ग्राफिक्स कार्ड, त्या कार्डास खोळंबा होऊ न देणारा प्रोसेसर आणि नंतर उर्वरित भाग असा क्रम असावा. एकूण खर्चाचा सुमारे एकतृतीयांश किंवा थोडा अधिक वाटा ग्राफिक्स कार्डास देणे सामान्यतः योग्य ठरते.

रॅम किमान १६ गिगाबाइट असावी; शक्यतो ती समान क्षमतेच्या दोन भागांत घ्यावी, म्हणजे दोन मार्गांनी माहिती वाहून नेता येते. डी.डी.आर.४ व डी.डी.आर.५ यांच्या खाचा भिन्न असल्याने मदरबोर्ड व रॅम एकत्रच ठरवावी लागते. जुना प्रोसेसर स्वस्तात मिळाला, तरी तो विंडोज ११ ला चालतो की नाही हे पाहावे. कारण विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

काही दोष खर्चाने नव्हे, तर केवळ लक्ष दिल्याने दूर होतात. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडली गेल्यास महागडे कार्ड निरुपयोगी राहते. सेकंदाला १४४ वेळा ताजा होणारा पडदा विंडोजमध्ये ६० वरच ठेवला गेल्याचेही आढळते.

७. वीज आणि हवामान

वीजपुरवठा करणारा एस.एम.पी.एस. हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग होय. एनव्हिडियाच्या जीफोर्स आर.टी.एक्स. ४०६० या कार्डाचा वीजवापर ११५ वॅट असला, तरी कंपनी ५५० वॅटच्या एस.एम.पी.एस.ची शिफारस करते. कारण इतर भागांचा वापर आणि क्षणिक वाढ यांसाठी वाव ठेवावा लागतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणाऱ्या, नाव नसलेल्या एस.एम.पी.एस.वर विसंबून राहणे म्हणजे सर्व खर्च पणाला लावणे होय.

यू.पी.एस.च्या बाबतीतही तसेच. ६०० व्ही.ए. असे लिहिलेला यू.पी.एस. बहुधा ३६० वॅटच भार पेलतो. खेळ चालू असताना संगणक व पडदा मिळून यापेक्षा अधिक वीज घेत असतील, तर वीज जाताच यू.पी.एस.ही बंद पडतो. घरातील अर्थिंग योग्य आहे की नाही, हेही तपासून घ्यावे.

विदर्भ व खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि जलद एस.एस.डी. ठरावीक तापमानापलीकडे आपणहून वेग कमी करतात. हवा खेळती ठेवणारे कॅबिनेट, ड्राइव्हवर धातूचे उष्णताशोषक आणि नियमित धूळसफाई यांचे मोल येथे शोभेच्या दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

८. माहितीची सुरक्षितता

या सर्व चर्चेत एक भेद महत्त्वाचा आहे. खेळ नष्ट झाला तर तो पुन्हा उतरवून घेता येतो. विद्यार्थ्याचा प्रकल्प, संशोधनाची टिपणे किंवा कुटुंबाची छायाचित्रे नष्ट झाल्यास ती पुन्हा मिळत नाहीत. हार्ड डिस्क अनेकदा आवाज करून किंवा संथ होऊन पूर्वसूचना देते, एस.एस.डी. कोणतीही सूचना न देता बंद पडू शकते. शिवाय एस.एस.डी.वरून पुसलेली फाइल परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते, कारण मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करते.

याच कारणाने हार्ड डिस्कचे स्थान अद्याप संपलेले नाही. खेळ व कार्यप्रणाली एस.एस.डी.वर, तर पुन्हा न मिळणाऱ्या माहितीच्या प्रती स्वतंत्र बाह्य हार्ड डिस्कवर आणि शक्य तर घराबाहेरही, अशी विभागणी सर्वांत सुरक्षित होय. त्याच संगणकात बसविलेली दुसरी ड्राइव्ह ही पुरेशी प्रत नव्हे. विजेचा एकच झटका दोन्ही ड्राइव्ह निकामी करू शकतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) १ टेराबाइटची, टी.एल.सी. प्रकारची, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीची एन.व्ही.एम.ई. ड्राइव्ह बहुतेकांना पुरेशी आहे. त्यापुढील रक्कम ग्राफिक्स कार्डाकडे वळविणे अधिक फलदायी ठरते.

(२) पडदा, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर व उर्वरित भाग या क्रमाने निवड केल्यास समतोल साधतो.

(३) एस.एम.पी.एस. व बाह्य हार्ड डिस्क यांवरील खर्च खेळाचा वेग वाढवीत नाही. परंतु संगणक आणि त्यातील श्रम वाचवितो. काटकसर करावयाची झाल्यास ती येथे करू नये.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडून मागणी वाढल्याने रॅम व फ्लॅश स्मृतीच्या किमती झपाट्याने वाढल्या. किमती अशाच चढत-उतरत राहतील. म्हणून विद्यार्थ्यास विशिष्ट भागाचे नाव सुचविण्यापेक्षा निवडीमागील कारणमीमांसा समजावून देणे अधिक उपयुक्त होय. ती समजली की तो पुढील खरेदी स्वतःच्या विवेकाने करू शकेल.